येसर कसा दिसतो, हे मोबाइलला कोण सांगणार?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत, मोबाइलवर एआयकडून चित्र कसं काढून घ्यायचं या विषयावर मसाल्याचं काम करणाऱ्या गटातील एका ताईंनी केलेलं हे बोलणं. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी ते बोलण्याच्याच भाषेत देत आहोत.)



मला सांगितलंय, अर्धा तास बोला. मी काही कॉम्प्युटर शिकलेली नाही. दहावीनंतर लग्न झालं, मग घर, शेत आणि आता बचत गट. आमचा गट मसाले आणि वाळवणं करतो. त्यामुळं मी सांगणार ते पुस्तकातलं नाही. हात पोळल्यावर जे शिकले ते सांगते.

आधी आमची फजितीच ऐका.

आम्हाला एका प्रदर्शनात स्टॉल मिळाला. येसराच्या पाकिटाला लेबल करायचं होतं. गटातल्या एकीचा मुलगा कॉलेजात जातो. तो म्हणाला, "काकू, फोटोवाला कशाला? एआय फुकटात चित्र काढून देतं." त्यानं मोबाइलवर दोन शब्द लिहिले, "येसर मसाला". अर्ध्या मिनिटात चित्र हजर. आणि काय चित्र होतं बायांनो! तांब्याची नक्षीदार वाटी, तिच्यात लालभडक पूड, बाजूला लाल मिरच्या, लवंगा, दालचिनी, वर वाफ. आम्ही सगळ्या खूश. दोनशे लेबलं छापून आणली.

पहिल्याच दिवशी एक आजी आल्या. शहरात लेकाकडं राहणाऱ्या, पण बोलण्यावरून आपल्याच भागातल्या. "येसर आहे का गं?" म्हणत हरखून आल्या. पाकीट हातात घेतलं, चित्र बघितलं आणि परत ठेवून दिलं. "हा येसर नव्हं, हे तर तिखट आहे." मी पाकीट फोडून वास दिला तेव्हा कुठं त्यांनी दोन पाकिटं घेतली. दुसऱ्या दिवशी उलटं झालं. येसर कधी न पाहिलेली एक ताई पाकीट घेऊन परत आली. म्हणाली, "चित्रात लाल मसाला, आत तपकिरी पीठ. जुना माल भरलाय का?" तिला पैसे परत दिले. ती चिडून गेली, ते वेगळंच.

बघा, येसर ओळखणारी चित्र बघून परत चालली होती. न ओळखणारी चित्र बघून फसली. माल एक नंबरचा होता, तरी दोघींपुढं आम्ही खोट्या ठरलो. उरलेली लेबलं चुलीत घातली.

चूक कुणाची? घरी आल्यावर सगळ्या त्या पोराला बोलायला लागल्या. मी म्हटलं, त्याला कशाला बोलता? तो कधी येसर भाजायला बसलाय का? येसर कसा दिसतो हे आपल्याला माहीत होतं, आणि आपणच काही सांगितलं नाही.

मोबाइलला कळतं तरी काय?

हे एआय चित्र कसं काढतं, ते थोडक्यात सांगते. या यंत्राला कोट्यवधी चित्रं दाखवलेली असतात आणि प्रत्येक चित्राबरोबर ते कशाचं आहे याची ओळ दिलेली असते. त्यातून ते शिकतं की 'आंबा' म्हटलं की साधारण असा रंग, असा आकार. मग आपण काही मागितलं की बरीचशी साधनं नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतात. आपण सुपात धान्य पाखडतो ना, एकेका झटक्याला कोंडा उडतो आणि दाणा दिसायला लागतो, तसं एकेका फेरीत गोंधळ कमी करत ते चित्र बाहेर काढतं. ते कुठला फोटो उचलून आणत नाही. पाहिलेल्याच्या अंदाजानं नवं चित्र बनवतं.

म्हणजे जे जगात फार वेळा दाखवलं गेलंय ते त्याला चांगलं जमतं. पिझ्झा मागा, झकास येतो. येसर त्यानं पाहिला असेल तर किती वेळा? त्याला 'मसाला' तेवढं कळलं, आणि मसाला म्हणजे लाल पूड. मोकळी जागा ठेवली की ते आपल्या मनानं भरून टाकतं.

मी गंमत म्हणून त्याला आपल्या बीबी का मकबऱ्याचं चित्र मागितलं. त्यानं चक्क ताजमहाल दिला! मकबरा ताजमहालासारखाच बांधलाय हे खरं, पण इथं राहणाऱ्या माणसाला फरक कळतोच ना. 'खेड्यातली बाई' मागितली तर घागरा नेसलेली, डोक्यावर तीन घडे घेतलेली बाई आली. नऊवारी मागितली तर काष्टाच गायब.

म्हणून घाबरू नका. "आम्हाला इंग्रजी येत नाही, हे आमचं काम नाही," असं पुष्कळ जणी म्हणतात. अहो, मोबाइलला येसर माहीत नाही, कुरडई माहीत नाही, आपली गोधडी माहीत नाही. ते ज्याला माहीत आहे त्याचंच हे काम आहे.

सांगायचं कसं?

या यंत्राला आपण जी सूचना देतो तिला प्रॉम्प्ट म्हणतात. शब्द मोठा वाटतो, पण तुम्ही रोज प्रॉम्प्ट देता. शेजारच्या पोराला दुकानात पाठवताना नुसतं "डाळ आण" म्हणता का? "तुरीची आण, पॉलिश केलेली नको, अर्धा किलो, आणि खडे बघून घे," असं म्हणता. जे पोर पहिल्यांदाच दुकानात चाललंय त्याला जितकं सविस्तर सांगाल, तितकं या मोबाइलला सांगायचं. मी सहा गोष्टी ठरवून ठेवल्यात, त्या वहीत लिहून घ्या.

१. काय आहे? नाव सांगा, आणि नाव माहीत नसेल असं समजून ती वस्तू कशी असते तेही सांगा.

२. दिसतं कसं? रंग, आकार, जाड-बारीक, ओलं-कोरडं, गुळगुळीत की खरबरीत. 'छान', 'आकर्षक', 'अस्सल' हे शब्द त्याला काहीच सांगत नाहीत.

३. कशात आणि कुठं ठेवलंय? स्टीलची वाटी, परात, सूप, कापड, ओटा, अंगण.

४. उजेड कुठून, आणि बघायचं कुठून? सकाळचं ऊन की घरातला दिवा, वरून की समोरून, जवळून की लांबून.

५. कशासाठी हवंय? व्हॉट्सअॅपवर टाकायला, बॅनरला की प्रशिक्षणाच्या तक्त्याला? चौकोनी, उभं की आडवं? अक्षरांसाठी जागा कुठं मोकळी ठेवायची?

६. काय नको? पण यात एक खुबी आहे, ती पुढं सांगते.

आता तोच येसर मी दुसऱ्यांदा कसा सांगितला ते वाचून दाखवते:

"खऱ्या फोटोसारखं चित्र काढ. साध्या स्टीलच्या वाटीत भाजलेल्या धान्याचं आणि डाळींचं कोरडं पीठ आहे. रंग भाजलेल्या गव्हासारखा तपकिरी, लाल नाही. पीठ किंचित रवाळ. वाटी मातीनं सारवलेल्या ओट्यावर ठेवली आहे. बाजूला थोडी हरभऱ्याची डाळ आणि धने सांडलेले. मागं पांढरट ज्वारीची भाकरी, हातानं थापलेली, कडा थोड्या ओबडधोबड. सकाळचं ऊन डाव्या बाजूच्या दारातून येतंय. कॅमेरा समोरून, थोडा वरून. चित्र चौकोनी. वरचा भाग रिकामा ठेव. चित्रात कुठलंही अक्षर नको."

या वेळी आजींनी ओळखला असता असा येसर आला! भाकरी मात्र मैद्याच्या रोटीसारखी आली होती. पहिल्याच दमात सगळं बरोबर येत नाही. तेव्हा सगळं पुसून नव्यानं सुरू करू नका. म्हणा, "बाकी सगळं आहे तसंच ठेव. फक्त भाकरी जाड कर आणि तिच्यावर तव्याचे करपट डाग दाखव." एका वेळी एकच दुरुस्ती सांगायची. चार दुरुस्त्या एकदम सांगितल्या की दोन करतं, एक विसरतं आणि एक नवंच बिघडवतं. आणि 'बाकी तसंच ठेव' म्हटलं तरी एखादी गोष्ट गुपचूप बदललेली असते, म्हणून दर वेळी सगळं चित्र परत बघा.

आता ती खुबी. 'तांब्याची वाटी नको' असं लिहिलं की काही वेळा नेमकी तांब्याचीच वाटी येते, कारण तो शब्द त्याच्या कानावर पडलेला असतो. त्यापेक्षा हवं ते सांगा, 'साधी स्टीलची वाटी'. लहान पोराला "पळू नको" म्हणण्यापेक्षा "माझा हात धर" म्हटलेलं लवकर कळतं, तसंच हे.

टायपिंगचं म्हणाल तर जेमिनी, चॅटजीपीटी ही साधनं मराठी समजतात. कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, ते दाबून बोला, अक्षरं आपोआप उमटतात. फक्त पाठवण्याआधी एकदा वाचा. मी 'येसर' म्हटलं तर मोबाइलनं 'केसर' लिहिलं होतं, आणि पुढं केशराच्या काड्यांचं चित्र आलं!

अक्षरांचं वेगळं सांगते. चित्रातच मराठी नाव लिही म्हटलं तर जोडाक्षरं तुटतात, मात्रा भलतीकडं जाते. नवी साधनं सुधारलीत, तरी भरवसा ठेवू नका. जागा रिकामी मागा आणि नाव, किंमत, फोन नंबर नंतर कॅनव्हासारख्या अॅपमध्ये आपल्या हातानं टाका. आणि पैसे भरून काही घेऊ नका. शिकायला फुकटात मिळतात तेवढी चित्रं पुरतात.

पण लेबलावर कुठलं चित्र?

इथवर सगळ्या माना हलवतायत. आता अवघड गोष्ट.

ते दुसरं चित्र इतकं चांगलं आलं की गटात पुन्हा म्हणणं निघालं, हेच लेबलावर छापू. मी नाही म्हटलं. भांडणच झालं म्हणा ना. माझं म्हणणं एवढंच होतं की, तो येसरासारखा येसर आहे, पण आपला येसर नाही. तो कुणी भाजला नाही, कुणी दळला नाही. गिऱ्हाईक पैसे देतं ते आपल्या परातीतल्या मालाचे.

पैठणीचं उदाहरण घ्या, म्हणजे पटेल. पैठण आपल्याच जिल्ह्यातलं. हातमागाच्या खऱ्या पैठणीचा पदर उलटून बघितला तरी नक्षी तशीच सफाईदार दिसते, कारण मोर, कमळ, मुनिया हे सगळं एकेक धागा अडकवून विणलेलं असतं. एका साडीला कित्येक आठवडे, कधी कधी महिने जातात. आता एआयला पैठणी मागा. लांबून डोळे दिपतात. जवळून बघा, मोराला मान आहे तर पाय नाहीत, काठाची नक्षी अर्ध्यात बदललेली. अशी साडी कुठल्याच मागावर विणता येणार नाही. हे चित्र टाकून कुणी ऑर्डर घेतली, तर विणकर बाई काय विणून देणार? आणि गिऱ्हाईक एकदा फसलं की पुढं खऱ्या पैठणीचा फोटो बघूनही म्हणेल, "हे एआयचं असेल."

पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या मराठवाड्याच्या केसर आंब्यालाही ते आहे. वर्षानुवर्षांच्या कामातून तयार झालेलं हे नाव आहे. एका खोट्या चित्रानं त्याला बट्टा लागू देऊ नका.

कायदाही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात हा दोष आहे आणि त्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "मोबाइलनं काढलं, आम्ही नाही," हे तिथं चालायचं नाही. पाकिटावर नाव आपलं असतं.

आणखी एक बघून ठेवा. एआय कधी कधी आपण न सांगता चित्रात शिक्के मारून देतं. एफएसएसएआयसारखं चिन्ह, 'शंभर टक्के सेंद्रिय'चा गोल, अॅगमार्कसारखं काहीतरी. असलं काहीही दिसलं तर ते चित्र वापरू नका. एफएसएसएआयचा नंबर १४ अंकी असतो आणि तो आपल्याला मिळालेलाच टाकायचा. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, वजन, किंमत, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख हे सगळं कागद समोर ठेवून स्वतः भरायचं.

मग शेवटी केलं काय? सकाळी नऊ वाजता माझ्या दारात पाट ठेवला, त्यावर पांढरं कापड टाकलं, स्टीलच्या वाटीत आमचाच येसर काढला आणि साध्या मोबाइलनं दहा फोटो घेतले. फोटो घेण्याआधी कॅमेऱ्याची काच पदरानं पुसली, हे विसरू नका, अर्धे फोटो तिथंच बिघडतात. त्यातला एक फोटो एआयला दिला आणि सांगितलं, "वाटी आणि येसर यांना हात लावू नको. रंग बदलू नको. फक्त मागची भिंत साधी, फिकट पिवळी कर." मग मूळ फोटो आणि तयार झालेलं चित्र शेजारी शेजारी ठेवून बघितलं. येसराचा रंग तसाच होता, तेव्हाच छापायला दिलं. छापणाऱ्याकडून आधी एकच लेबल काढून घेतलं, कारण मोबाइलवर चांगलं दिसणारं चित्र कागदावर काळपट किंवा फाटकं येऊ शकतं.

आमच्या गटानं नियम करून टाकला. माल आपल्या फोटोतला, सजावट एआयची. प्रदर्शनाचं आमंत्रण, सणाच्या शुभेच्छा, हळदी-कुंकवाचं पत्रक, हात धुण्याचा तक्ता, याला एआयचं चित्र बिनधास्त वापरा आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'चित्र एआयनं तयार केलेलं' असं लिहा. लिहिल्यानं काही कमी होत नाही, उलट भरवसा वाढतो.

आपले आणि लेकींचे फोटो

शेवटचं, आणि हे सासू-सुना दोघींनी ऐका.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये जेमिनीवर आपला फोटो टाकून जुन्या सिनेमातल्या हिरोइनीसारखा साडीतला फोटो करून घ्यायची मोठी लाट आली होती. तुमच्यातल्याही पुष्कळ जणींनी केला असेल. हौस वाईट नाही. पण तेव्हाच पोलिसांनी सांगितलं होतं की, त्याच नावाच्या नकली वेबसाइट आणि अॅप निघालेत, तिथं फोटो आणि माहिती देऊ नका. म्हणून अॅप प्ले स्टोअरवरून, बनवणाऱ्या कंपनीचं नाव बघूनच घ्या. कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या लिंकवरून घेऊ नका.

गटाच्या सभेचा फोटो एआयला द्यायचा असेल तर त्यातल्या प्रत्येकीला विचारा. लहान लेकरांचे फोटो देऊच नका. आधार, पासबुक, कर्जाचे कागद तर मुळीच नाही.

आणि ज्या यंत्रानं येसराचं चित्र निघतं, त्याच प्रकारच्या यंत्रानं एखाद्या पोरीचा चेहरा भलत्याच अंगावर चिकटवता येतो. आपल्या घरात, गावात असं कुणाबरोबर झालं, तर पहिली गोष्ट म्हणजे पोरीला बोल लावायचा नाही. तिची शाळा बंद करायची नाही, मोबाइल हिसकावायचा नाही. लाज ज्यानं केलं त्याला वाटली पाहिजे. तो फोटो कुठून आला त्याचा स्क्रीनशॉट आणि नंबर जपून ठेवा, तो कुणाला पुढं पाठवू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. ताबडतोब मदत हवी असेल तर ११२. पोलिस ठाण्यात जाताना पोरगी एकटी नको, गटातल्या चौघी बरोबर जा. कर्जाच्या वेळी एकमेकींना जामीन राहतो, तशा या वेळीही राहायचं.

आता मोबाइल खाली ठेवा

हो, खाली ठेवा. दोघी-दोघी समोरासमोर बसा. एकीनं आपल्या मालाचं वर्णन करायचं, नाव घ्यायचं नाही. दुसरीनं डोळे मिटून ओळखायचं. पाच मिनिटं.

(इथं सभेत एकच कल्ला झाला. एका मावशींनी सांगितलं, "पांढरी, वाळलेली, बारीक शेवयांचं गुंतलेलं चकलं, हातात घेतलं की हलकं, तेलात टाकलं की फुलतं." समोरच्या ताई लगेच ओरडल्या, "कुरडई!" एकीनं मात्र नुसतं "चवीला लई भारी" म्हटलं, आणि समोरचीनं चार पदार्थांची नावं घेतली.)

बघितलं? मावशींनी आत्ता जे सांगितलं तेच मोबाइलला सांगायचं. त्यांना प्रॉम्प्ट शिकवायची गरजच नाही. आणि 'लई भारी' म्हटल्यावर जसं समोरच्या ताईंना कळलं नाही, तसं मोबाइललाही कळत नाही.

पुढच्या सभेला प्रत्येक गटानं तीन गोष्टी आणायच्या. आपल्या एका वस्तूचं वहीत लिहिलेलं सहा मुद्द्यांचं वर्णन, त्यावरून एआयनं काढलेलं चित्र, आणि त्याच वस्तूचा दारातल्या उजेडात काढलेला खरा फोटो. तिन्ही शेजारी ठेवून बघू. चित्रात काय चुकलंय ते ज्या गटाला जास्तीत जास्त सापडेल, त्यांच्यासाठी टाळ्या, आणि आमच्या गटाकडून येसराचं एक पाकीट. नव्या लेबलाचं.